जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं, तर टॅलीचं काय?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा मोफत सपोर्ट थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आणि साधारण २०१८ च्या आसपासचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे नांदेड जिल्ह्यातल्या लोह्यासारख्या तालुक्याच्या गावातही दुकानातला, झेरॉक्स सेंटरमधला जुना कॉम्प्युटर टाकून द्यायचा की त्यावर मोफत मिळणारं लिनक्स टाकायचं, हा प्रश्न आहे.

लिनक्स चालेल. पण रोजचं सॉफ्टवेअर चालेल का?

कंपन्या मागे का हटतात?

अडोबी रीडरची लिनक्स आवृत्ती २०१३ नंतर पुढे सरकली नाही. मायक्रोसॉफ्टने टीम्सचं लिनक्स ॲप २०२२ च्या अखेरीस बंद केलं आणि ब्राउझरमधून वापरा, असं सांगितलं. २०२४ मध्ये 'एपेक्स लेजेंड्स' या गेमने चीटिंगचं कारण देत लिनक्सचे दरवाजे बंद केले.

मुख्य कारण हिशोबाचं आहे. स्टॅटकाउंटरनुसार डेस्कटॉपवर लिनक्सचा जागतिक वाटा २०२४ मध्ये कुठे ४ टक्क्यांवर पोहोचला. त्यातही उबंटू, फेडोरा, मिंट असे अनेक प्रकार. प्रत्येकावर चाचणी घ्यायची, तक्रारी सोडवायच्या. खर्च मोठा, ग्राहक थोडे.

मग काय चालतं, काय अडतं?

सातबारा, आपले सरकार, जीएसटी रिटर्न अशी बरीच कामं ब्राउझरमध्ये होतात. तिथे लिनक्सची फारशी अडचण नाही. मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्डही लिनक्समध्ये असतो.

अडतं ते टॅलीप्राइमपाशी. ते विंडोजसाठी बनवलेलं आहे. 'वाइन' वापरून विंडोजची काही सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवता येतात, पण बिघाड झाला तर कंपनी जबाबदारी घेईलच असं नाही. नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेल्या जुन्या मराठी फाइलीही तो फॉन्ट नसेल तर नुसती अगम्य अक्षरं दाखवतात.

बदल करण्याआधी काय पाहावं?

रोज लागणाऱ्या सॉफ्टवेअरची यादी करा. डेटाचा बॅकअप घ्या. लिनक्स पेनड्राइव्हवरून, इन्स्टॉल न करता सुरू करून पाहा. प्रिंटर, स्कॅनर आणि डिजिटल सहीचं टोकन चालतं का, तेही तपासा. सगळं काम ब्राउझरमध्ये असेल तर जुना कॉम्प्युटर अजून काही वर्षं साथ देईल. दुकानाचा सगळा हिशोब टॅलीत असेल, तर तेवढ्यासाठी एक विंडोजचा कॉम्प्युटर ठेवलेला बरा.