दुर्मिळ मृदा आणि सोयाबीनचे पैसे
(बी. ए. द्वितीय वर्ष, अर्थशास्त्र)

‘दुर्मिळ मृदा’ हा शब्द २०२५ सालापासून वर्तमानपत्रांत इतक्या वेळा छापून आला आहे, की निदान तो शब्द तरी आता दुर्मिळ राहिलेला नाही. परंतु तो ज्या अर्थाने आमच्या भागात पोचला, तो अर्थ मात्र फार चमत्कारिक आहे. आमच्या गावातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला गंभीरपणे विचारले, की आपली काळी माती त्यात मोडते काय? मृदा म्हणजे माती हे आपण शाळेच्या भूगोलात शिकलेलो, तेव्हा त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. चूक असेल तर ती नावाची आहे.

जुने रसायनशास्त्रज्ञ धातूंच्या काही भस्मांना ‘मृदा’ म्हणत असत. १७८७ साली स्वीडनमधील यटर्बी या गावाजवळच्या खाणीत एक काळा, जड दगड सापडला. त्यातून पुढे अशी अनोळखी भस्मे निघाली आणि हे नाव चिकटले ते कायमचेच. एकंदर १७ मूलद्रव्ये या कुळात येतात. ती खरोखर दुर्मिळही नाहीत. त्यांतील सीरियम हे पृथ्वीच्या कवचात जवळजवळ तांब्याइतके आढळते. अडचण निराळीच आहे. ही सर्व भावंडे स्वभावाने इतकी सारखी, की एकाच दगडात ती एकमेकांना बिलगून बसतात आणि त्यांना वेगळे करण्यासाठी आम्ल व द्रावकांच्या शेकडो टाक्यांतून पुन्हा पुन्हा फिरवावे लागते. धन मातीत नाही, ते या वेगळे करण्यात आहे. पुढचे सारे समजण्यासाठी एवढे एक वाक्य पुरेसे आहे.

आपल्या आजोबांच्या पिढीने या मूलद्रव्यांचा उजेड पाहिलेला आहे. लग्नाच्या वरातीत डोक्यावर घेतलेल्या गॅसबत्तीतील ती पांढरी जाळी म्हणजे ९९ टक्के थोरियमचे आणि १ टक्का सीरियमचे भस्म. ती जाळी शोधली ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी. लायटरमध्ये ठिणगी पाडणारा खडाही त्यांचाच, आणि १८८५ साली निओडिमियम हा धातू प्रथम वेगळा ओळखला तोही त्यांनीच. एकाच माणसाने वरातीला उजेड दिला, विडीला विस्तव दिला आणि आजच्या विजेवर चालणाऱ्या गाडीचे बीजही पेरून ठेवले!

या गॅसबत्तीपायीच युरोपीय लोक आपल्या किनाऱ्यावरील वाळूकडे वळले. जाळीसाठी लागणारे थोरियम ज्या खनिजात असते त्याला मोनाझाइट म्हणतात. १९०९ च्या सुमारास शोम्बर्ग या जर्मन रसायनज्ञाला ते त्रावणकोरच्या वाळूत आढळले. स्वातंत्र्यानंतर १९५० साली सरकारने ‘इंडियन रेअर अर्थ्स’ ही कंपनी काढली आणि १९५२ साली केरळातील आलुवा येथे तिचा कारखाना सुरू झाला. आज ‘आयआरईएल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कंपनीचे मुख्य कार्यालय मुंबईत प्रभादेवीला, सिद्धिविनायक मंदिरासमोर आहे. दर मंगळवारी तेथे रांगेत उभे राहणाऱ्या हजारो मराठी माणसांपैकी कितीजणांनी मान वर करून ती पाटी वाचली असेल!

कार्यालय मुंबईत असले तरी महाराष्ट्राच्या पोटात हे धन जवळजवळ नाही. देशात सुमारे १.३१५ कोटी टन मोनाझाइट असल्याचा सरकारी अंदाज आहे. त्यातील बहुतेक सर्व आंध्र, ओडिशा, तमिळनाडू, केरळ आणि पश्चिम बंगालकडे असून आपला वाटा नाममात्र आहे. रत्नागिरीच्या काळबादेवी, मिऱ्या या किनाऱ्यांवर काळी वाळू आहे खरी, पण ती सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातून झिजून आलेली, मुख्यतः इल्मेनाइटची. आमचा बालाघाटाचा डोंगरही त्याच पाषाणाचा. त्यामुळे त्या वडीलधाऱ्या गृहस्थांना मला ‘नाही’ असेच उत्तर द्यावे लागले.

आता पैशाकडे वळते. १९८३ साली जपानचे मासातो सागावा आणि अमेरिकेचे जॉन क्रोट यांनी, एकमेकांच्या नकळत, निओडिमियम, लोखंड व बोरॉन यांचे चुंबक जगापुढे मांडले. वजनाला हलके आणि ओढीला अचाट. विद्युत-दुचाकीची मोटार, संगणकाची चकती, मोबाइलचा छोटा कर्णा, सगळीकडे तेच बसले. पुढील तीस-चाळीस वर्षांत हा धंदा हळूहळू चीनकडे एकवटला. आज या धातूंचे शुद्धीकरण आणि त्यांची चुंबके यांपैकी सुमारे ९० टक्के काम तेथे होते. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात मूलद्रव्ये व त्यांची चुंबके यांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले, आणि जुलैमध्ये पुण्याच्या बजाज ऑटोचे राजीव बजाज यांना सांगावे लागले, की ऑगस्टमध्ये आपल्या विद्युत-गाड्यांचे उत्पादन शून्यावर येऊ शकते. कारखान्यात गाडीचा बाकी सारा ऐवज तयार, आणि अडते ते मुठीएवढ्या चुंबकांवर!

या बातम्यांनी आमच्या मामांच्या मनात घर केले. आमच्या दोन्ही घरांत मिळून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे बी-बियाण्यांच्या पिशवीवरील मजकुरापासून बँकेच्या कागदापर्यंत सारे माझ्याकडे येते. सोयाबीन विकून हाती पैसे आले होते, आणि कुणीतरी मामांच्या मोबाइलवर या शेअरांची यादी पाठवली होती. “तू अर्थशास्त्र शिकतीस न्हवं? मग सांग, घ्यावं का न्हाई?” असा त्यांचा सरळ प्रश्न. पुस्तकात मागणी-पुरवठ्याच्या रेषा काढणे सोपे असते. मामांच्या पैशावर रेषा काढताना हात जड होतो. दोन आठवडे वाचनालयात बसून जे हाती लागले ते येथे मांडते.

पहिली गोष्ट म्हणजे, आपल्या देशात मोनाझाइट काढून त्यातून या मृदा वेगळ्या करणारी कंपनी आयआरईएल. ती पूर्णपणे सरकारी आहे आणि शेअर बाजारात तिची नोंद नाही. मोनाझाइटमध्ये थोरियम असल्याने ते अणुऊर्जा कायद्याखाली येते. खासगी कंपनीला त्याची खाण मिळत नाही. मग यादीत होते कोण? गुजरात मिनरल डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनचे नाव होते. तिच्याकडे छोटा उदेपूर जिल्ह्यात आंबाडुंगर येथील साठ्याचा प्रकल्प आहे हे खरे. पण तिचा पोट भरणारा धंदा लिग्नाइट कोळशाचा आहे. यादीतील बाकीच्यांनी चुंबक करण्याचा ‘विचार’ जाहीर केलेला. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, त्यातला प्रकार.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. या मालाचा भाव मागणी-पुरवठ्याने ठरतो असे म्हणणे धाडसाचे आहे. तो पुष्कळसा सरकारे ठरवतात. अमेरिकेतील मॉलिकॉर्प या कंपनीची हकीगत पाहा. कॅलिफोर्नियातील माउंटन पास ही जुनी खाण तिच्याकडे होती. जुलै २०१० मध्ये तिचा शेअर १४ डॉलरला विक्रीस आला. त्याच सुमारास चीनने निर्यातीचा कोटा कापला, भाव कित्येक पटींनी भडकले आणि २०११ मध्ये तोच शेअर ७० डॉलरच्या वर गेला. मग ग्राहक कारखान्यांनी काटकसर केली, पर्याय शोधले, आणि भाव कोसळले. खाण तीच, माल तोच, मागणीही अगदी संपलेली नव्हती. तरी जून २०१५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. ७० डॉलरला घेणाऱ्यांत तिकडचेही कुणाचे तरी मामा असतीलच.

तीच खाण आज एमपी मटेरियल्स ही कंपनी चालवते. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने तिच्यात ४० कोटी डॉलर गुंतवण्याचे ठरवले आणि किलोमागे ११० डॉलरचा किमान भाव १० वर्षांसाठी बांधून दिला. आपल्याकडे शेतमालाच्या हमीभावाला नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. त्यांनी हे जरूर वाचावे.

आपल्या केंद्र सरकारनेही २६ नोव्हेंबर २०२५ रोजी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. वर्षाला ६,००० टन चुंबके देशात व्हावीत हा तिचा हेतू. तिची मुदत ७ वर्षांची, आणि त्यांतील पहिली २ वर्षे कारखाना उभारण्यासाठीच आहेत. म्हणजे आज शेअर घेणारा चुंबक विकत घेत नसून वाट पाहणे विकत घेतो. पुढच्या पेरणीला ज्याला पैसे लागणार, त्याने इतकी वाट पाहावी का? मामांना मी एवढेच विचारले. त्यांनी बियाण्याचे व खताचे पैसे बाजूला काढले आणि उरलेल्याचा निर्णय लांबणीवर टाकला.

जुन्या चुंबकांचा पुनर्वापर हा भाग मला खाणीहून अधिक आशादायक वाटतो. कच्चा माल आपल्याच भंगारात पडलेला आहे. वाशीच्या एका भंगारवाल्या काकांकडे जाऊन मी पाहिले. कर्ण्यातील काळी जाड चकती म्हणजे साधे फेराइट. त्यात दुर्मिळ मृदा नाही. मात्र संगणकाच्या फोडलेल्या चकतीतून निघालेले चकचकीत, वाकडे तुकडे म्हणजे निओडिमियमचे चुंबक. त्यात वजनाने सुमारे ३० टक्के दुर्मिळ मृदा असते. काका ते लोखंडाच्या ढिगात टाकतात आणि लोखंडाच्या भावाने विकतात. त्यांना दोष कसा द्यावा? टाकाऊ विद्युत-वस्तूंच्या २०२२ च्या नियमांखाली पुनर्वापराची जी प्रमाणपत्रे ठरली, ती आरंभी सोने, तांबे, लोखंड आणि ॲल्युमिनियम यांपुरतीच होती.

चुंबक परत मिळवण्याच्या दोन रीती आहेत. एकीत ते आम्लात विरघळवून प्रत्येक धातू पुन्हा वेगळा करतात. खर्च मोठा, घाणही मोठी. दुसरी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठात वाढली. हायड्रोजन वायूत ठेवले की चुंबकाचा आपोआप भुगा होतो, आणि त्याच भुग्याचे पुन्हा चुंबक दाबता येते. शास्त्र तयार आहे; अडते ते गोळा करण्यावर. एका चकतीत निघतात ते मोजके ग्रॅम, आणि ते गावोगाव विखुरलेले. म्हणून अशा कंपनीचा ताळेबंद हाती आला तर यंत्रांची किंमत पाहण्याआधी तिला भंगार कोण पुरवतो आणि कोणत्या दराने, हे पाहावे.

आमच्या वाशी-भूमच्या माळावर अलीकडे पवनचक्क्या उभ्या राहिल्या आहेत. पवनचक्कीच्या दोन प्रमुख जाती. दातेरी चाकांच्या पेटीवर चालणाऱ्या बऱ्याच चक्क्यांत कायमचे चुंबक नसते. पाते थेट जनित्र फिरवते अशा जातीत मात्र दर मेगावॅटमागे ६०० किलोच्या आसपास चुंबक असते. चक्कीचे आयुष्य २० ते २५ वर्षे. संगणकाच्या हजारो चकत्या फोडून जे मिळत नाही, ते अशा एका चक्कीच्या डोक्यातून एका दिवसात खाली उतरवता येते, आणि तेही कुठून गोळा करावे हे न शोधता.