राज्याभिषेक शक : जेव्हा वर्ष एकपासून मोजायला सुरुवात झाली

ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शालिवाहन शके १५९६, आनंदनाम संवत्सर. ६ जून १६७४. रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि त्याच दिवसापासून नवी कालगणना सुरू झाली. स्वतःच्या नावाची नाणी पाडणं आणि स्वतःचा शक चालवणं ही सार्वभौम राजाची लक्षणं. महाराजांनी दोन्ही केलं. मला यातला शक जास्त मोठा वाटतो. पत्राच्या मायन्यातच नवं राज्य उभं राहिल्याची नोंद होऊ लागली!

आधीपासून चालत आलेली कालगणना, म्हणजे शुहूर सन, मात्र कागदांतून गेला नाही. हिशेबाला तो सवयीचा, त्यामुळे मराठेशाहीत तो पुढेही चालत राहिला.

जुनी पत्रं वाचणाऱ्यांनी एक नक्की लक्षात ठेवा. राज्याभिषेक शक चैत्रात नाही, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला बदलतो. त्या दिवसापासून फाल्गुन अखेरपर्यंत १५९५ मिळवले की शालिवाहन शक येतो, चैत्रापासून पुढच्या ज्येष्ठ शुद्ध द्वादशीपर्यंत १५९६. महाराजांचं निधन चैत्री पौर्णिमेचं, शके १६०२. म्हणजे तेव्हा राज्याभिषेक शकाचं सहावंच वर्ष सुरू होतं, सातवं नाही. गुढीपाडव्याला वर्ष बदललं असं धरून चालणाऱ्याची तारीख इथे वर्षभराने चुकते.