दोन किलवर म्हणजे किलवर नव्हे!

आमच्या हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये जेवणानंतर ब्रिजचं टेबल लागतं. फर्स्ट इयरची मुलं येतात तीच मेंढीकोट नाहीतर तीनशे चार खेळून, त्यामुळे हुकूम, भिडू, हात हे सगळं त्यांना ठाऊक असतं. गाडी अडते ती बोलीपाशी. ही बोली शिकवायचं काम गेली दोन वर्षं माझ्याकडे आहे आणि त्यातलं पहिलं वर्ष मी सरळ वाया घालवलं.

झालं असं, की मी एका पुस्तकाच्या झेरॉक्स काढल्या आणि आठवड्याभरात स्टेमन, ट्रान्स्फर, ब्लॅकवुड वगैरे नऊ संकेत (म्हणजे कन्व्हेन्शन्स) पोरांच्या गळी उतरवले. पोरं हुशार. वायव्हाला पाठ करावं तसं सगळं पाठ केलं. शनिवारी खेळायला बसलो. एका ज्युनिअरने 'एक नो ट्रम्प' म्हटलं, त्याच्या भिडूने 'दोन चौकट'. ट्रान्स्फरमध्ये याचा अर्थ, 'माझ्याकडे पाच बदाम आहेत, तू दोन बदाम म्हण.' हा विसरला आणि म्हणाला, 'पास'! दोघांची मिळून चौकटची पाने चार, आणि तोच हुकूम. करायचे होते आठ हात, झाले तीन. सगळे हसले, मीही हसलो. तो पोरगा मग टेबलाकडे फिरकलाच नाही.

चूक त्याची नव्हती. तो संकेत ज्या प्रश्नाचं उत्तर आहे, तो प्रश्नच त्याला कधी पडला नव्हता.

आता मी उलटीकडून सुरुवात करतो. पहिला महिना एकही संकेत नाही. एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १, म्हणजे अख्ख्या कॅटात ४० गुण. १५ ते १७ गुण आणि चारही रंगांत साधारण सारखी पाने असतील तर 'एक नो ट्रम्प', म्हणजे बिनहुकमी. दोघांचे मिळून २५ च्या आसपास झाले की गेमपर्यंत जायचं. एवढ्यावर खेळू देतो. मग एके रात्री मुद्दाम लावलेला हा डाव वाटतो :

बोली उघडणारा : इस्पिक राजा, गुलाम, ८, ४, बदाम एक्का, ६, चौकट राजा, राणी, ७, ३, किलवर एक्का, ९, ५.

त्याचा भिडू : इस्पिक एक्का, राणी, ७, ३; बदाम ८, ४; चौकट गुलाम, ६, २; किलवर राजा, ८, ६, २.

पोरं १७ अधिक १० करतात आणि थेट 'तीन नो ट्रम्प'. नऊ हात हवेत. समोरून बदामाची उतारी येते. बदामाचा एक्का एकदाच आडवा येणार. चौकटचे हात करायला एक्का बाहेर काढावा लागतो, आणि तो घेऊन समोरचे बदाम ओढत सुटतात. डाव बुडाला. मग मी पाने उघडी करतो. इस्पिक दोघांकडे चार-चार. 'चार इस्पिक' खेळलो असतो तर बदामाचा एक, चौकटचा एक, किलवरचा एक असे तीनच हात गेले असते. चौथं चौकट भिडूच्या हुकमाने मारायचं की दहा हात पुरे. समोरच्यांची इस्पिक तीन-दोन वाटली गेलेली हवीत, एवढंच.

तेव्हा कोणीतरी आपणहून विचारतो, "पण दादा, त्याच्याकडे चार इस्पिक आहेत हे मला कळणार कसं?" याच वाक्यासाठी महिनाभर थांबलेलो असतो!

उत्तर, 'दोन किलवर'. त्याचा किलवरशी काही संबंध नाही. तो प्रश्न आहे : तुझ्याकडे चार पानी बदाम किंवा इस्पिक आहे का? नसेल तर 'दोन चौकट' म्हणायचं, असेल तर तो रंग. हा स्टेमन. सॅम स्टेमनने १९४५ साली 'ब्रिज वर्ल्ड' मासिकात तो मांडला म्हणून नाव त्याचं. डोकं मुळात त्याचा भिडू जॉर्ज रॅपी याचं. (जर्नल एकाचं, सबमिशन दुसऱ्याचं, हे तेव्हापासून चालू आहे.)

याची किंमतही लगेच सांगतो. खरोखरच हलकी पाने आणि लांबलचक किलवर हातात असतील, तर आता 'दोन किलवर'वर थांबता येणार नाही. प्रत्येक संकेत एक साधी बोली गिळतो.

हे सेकंड-थर्ड इयरवाल्यांना सांगणं जास्त अवघड, कारण त्यांना ब्लॅकवुडचा रोग जडलेला असतो. ईझ्ली ब्लॅकवुडने १९३३ साली काढलेला हा संकेत. 'चार नो ट्रम्प' म्हणजे, एक्के किती? पाच चौकट म्हटलं तर एक, पाच बदाम म्हटलं तर दोन. सोपं आहे, म्हणूनच घातक. उत्तरात किती ते कळतं, कोणते ते नाही. एखाद्या रंगाची दोन फुटकळ पाने हातात असताना हा प्रश्न विचारलात, तर एक्का कमी आहे एवढंच समजतं. तो त्याच रंगाचा निघाला आणि जोडीला राजाही समोर असला, की सहाची बोली पहिल्या दोन हातांतच आटोपते.

आणखी एक. मेंढीकोटात कान खाजवून खूण करायची सवय इथे विसरा. ब्रिजमधला संकेत गुप्त नसतो. समोरच्यांनी विचारलं की अर्थ सांगावा लागतो, आणि तो बोलणाऱ्याने नव्हे, त्याच्या भिडूने. म्हणजे पाठांतर कच्चं असेल तर अख्ख्या टेबलाला कळतं.

तो ट्रान्स्फरवाला पोरगा या टर्मला परत आला. मीच त्याला भिडू घेतलं, संकेत शून्य. परवा मी 'एक नो ट्रम्प' म्हटलं. त्याच्याकडे पाच बदाम आणि चार गुण, त्याने सरळ 'दोन बदाम' म्हटलं. बदाम पहिल्यांदा तो बोलला, म्हणून डाव त्याने खेळायचा आणि माझी पाने टेबलावर उघडी. एका हाताने बुडालो. पत्ते गोळा करता करता तो म्हणाला, "दादा, तुझे सगळे राजे-राण्या त्यांना दिसले. बदाम तूच आधी म्हणाला असतास तर?"

मी पत्ते बाजूला ठेवले आणि म्हटलं, "बस. आता सांगतो."