ठोका चालू आहे, पण पेशी बरी आहे का?

डॉक्सोरुबिसिन हे लालभडक औषध अनेक कर्करोगांवर गुणकारी ठरलं आहे. पण काही रुग्णांच्या हृदयाला ते इजा करतं, आणि ती कधी कधी उपचार संपून वर्षं लोटल्यावर उघडकीस येते. अशी इजा आधीच ओळखायची, तर माणसाच्या हृदयपेशी प्रयोगशाळेत हाताशी हव्यात. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००७ मध्ये माणसाच्या त्वचेतल्या पेशींना स्टेम सेलचं रूप दिलं आणि ही वाट मोकळी झाली. आज अशा स्टेम सेलपासून घडवलेल्या हृदयपेशी बशीत आपोआप धडधडताना दिसतात.

धडधड दिसली म्हणून पेशी ठणठणीत असते असं मात्र नाही. हृदयाची बहुतेक ऊर्जा मायटोकॉन्ड्रियात, ऑक्सिजन वापरून तयार होते. तिथे बिघाड झाला की पेशी जास्त ग्लुकोज ओढते आणि लॅक्टेट बाहेर टाकते. ठोका काही काळ चालूच राहू शकतो. म्हणून भोवतीचा द्रव तपासायला हवा.

घरात शुगर तपासायच्या यंत्रामागचं तत्त्व इथेही कामाला येतं. अमेरिकेच्या लेलँड क्लार्क यांनी १९५६ मध्ये ऑक्सिजन मोजणारा इलेक्ट्रोड मांडला. १९६२ मध्ये त्याला एन्झाइमची जोड देऊन ग्लुकोज मोजायची वाट दाखवली. लॅक्टेटसाठी एन्झाइम तेवढं बदलायचं. प्लॅटिनमवर बसवलेलं लॅक्टेट ऑक्सिडेज द्रवातल्या लॅक्टेटपासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं. इलेक्ट्रोडला सुमारे ०.६ व्होल्ट दिले की पेरॉक्साइड इलेक्ट्रॉन सोडतं आणि अगदी बारीक वीजप्रवाह वाहतो. लॅक्टेट वाढलं की प्रवाहही वाढतो.

व्हँडरबिल्ट विद्यापीठात डेव्हिड क्लिफेल आणि सहकाऱ्यांनी आम्लता मोजणाऱ्या तयार यंत्रातच ग्लुकोज, लॅक्टेट आणि ऑक्सिजनचे इलेक्ट्रोड बसवले. पंप थांबवायचा, कोंडलेल्या थेंबभर द्रवात काय घटलं, काय साठलं ते मोजायचं, मग ताजा द्रव सोडायचा. पेशी जिवंत राहतात आणि औषध दिल्यावरचा बदल घडत असतानाच समजतो.

अडचणीही आहेत. एन्झाइम हळूहळू निकामी होतं, इलेक्ट्रोडवर प्रथिनांचा थर चढतो. मग सेन्सर मंदावला की पेशी, हेच कळेनासं होतं. त्यासाठी प्रयोगाच्या आधी आणि नंतर ठाऊक प्रमाणाच्या द्रावणात सेन्सर तपासून घ्यावाच लागतो.

त्याहून मोठा पेच पेशींच्या वयाचा आहे. प्रौढ हृदय मुख्यतः मेदाम्लांवर चालतं. स्टेम सेलपासून घडलेल्या पेशी मात्र गर्भातल्या हृदयासारख्या ग्लुकोजवर विसंबतात. त्यामुळे औषध न देताही त्या भरपूर लॅक्टेट टाकतात. संशोधक आता त्यांना मेदाम्लांच्या खुराकावर वाढवतात. पेशी खरोखर प्रौढ होऊ लागल्या का, याचा एक पुरावा हाच इलेक्ट्रोड देतो: लॅक्टेट कमी बाहेर पडू लागतं आणि ऑक्सिजनचा खप वाढतो.