नाव बदललेली वेल

लग्न लागले, पंगती उठल्या, की पूर्वी एक विधी हमखास होत असे. तांदूळ पसरलेले ताट पुढे यायचे, नवरदेव बोटातली अंगठी काढायचा आणि तिने तांदळात अक्षरे रेखायचा. भोवती पोरीबाळींची गर्दी. कालपर्यंत जी यमुना होती, ती त्या क्षणापासून सुनंदा. माहेरचे नाव त्या ताटातल्या तांदळाइतक्याच सहजपणे आवरून ठेवले जाई. दोन पिढ्या उलटल्या की नातवंडांना आजीचे मूळ नाव विचारावे. ती एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात.

एका द्राक्षवेलीचे असेच झाले. माहेर फ्रान्सचे. ती दोन परदेशांत गेली, दोन्हीकडे निरनिराळ्या नावांनी नांदली, आणि इकडे माहेरी तिचे नाव जवळजवळ पुसले गेले. आज चीनच्या द्राक्षमळ्यांत ही वेल मोठ्या प्रमाणावर दिसते. तिथले तिचे युरोपीय वळणाचे नाव ‘काबर्ने गेर्निश्ट’. चिनी भाषेत ‘शे लोंग जू’, म्हणजे साप, ड्रॅगन आणि मोती. आपल्याला नागमण्याची आठवण व्हावी असे हे नाव. तिच्या काळ्याभोर फळापासून तांबडी वाइन करतात. वाइन घ्यावी की घेऊ नये, या वादात मला शिरायचे नाही. माझे कुतूहल आहे ते वेलीच्या नावाचे.

कारण गंमत अशी की ‘गेर्निश्ट’ हा शब्द जर्मन वाटतो, पण जर्मन भाषेत असा शब्दच नाही. मग तो आला कुठून?

त्यासाठी १८९२ सालात जावे लागते. झांग बीशी नावाचा एक धनाढ्य व्यापारी होता. दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात गरिबीत जन्मलेला हा मुलगा लहान वयात बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जाकार्ताला गेला आणि व्यापारात अफाट पैसा मिळवून बसला. त्याचीही नावे बंदरागणिक बदलत. पिनांगमध्ये तो चोंग फाट त्झे, डच वसाहतीत थिओ तियाव सियात. यंतायच्या परिसरात उत्तम द्राक्षे होतील, असे एका फ्रेंच वाणिज्यदूताने त्याला मेजवानीत सांगितले होते, अशी कथा आहे. झांगने ती गोष्ट मनात जपून ठेवली. शांडोंग प्रांतातल्या या बंदरात त्याने ‘चांगयू’ ही कंपनी काढली आणि तीस लाख तायल चांदी तिच्यात घातली. युरोपातून शंभराहून अधिक जातींची रोपे बोटीने आणवली. समुद्राला लागून जमिनीखाली तळघर बांधायला घेतले. १८९४ साली सुरू झालेले ते काम १९०५ साली पुरे झाले. १९१२ साली सुन यत सेन यांनी या कंपनीला भेट देऊन स्वहस्ते गौरवाची चार अक्षरे लिहून दिली. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात तिच्या मालाला सुवर्णपदके मिळाली.

या कंपनीत वाइन घडवण्याचे काम बाबो नावाच्या ऑस्ट्रियन गृहस्थाकडे होते. आता ‘गेर्निश्ट’चे कोडे सुटू लागते. जर्मन भाषेत ‘गेमिश्ट’ म्हणजे मिश्र, सरमिसळ. जाणकारांचा तर्क असा, की कुणीतरी रोपांच्या चिठ्ठीवर ‘काबर्ने, मिश्र’ एवढेच लिहिले असावे. घाईच्या अक्षरातला रोमन ‘एम’ पुढच्या वाचणाऱ्याला ‘आर’ आणि ‘एन’ असा जोडीने दिसला, आणि ‘गेमिश्ट’चे ‘गेर्निश्ट’ झाले. तर्क खरा असेल तर शंभर वर्षे ही वेल कुणाच्या तरी गिचमिड अक्षराचे नाव मिरवते आहे. सरकारी दप्तरात आडनावांची काय दशा होते ते ठाऊक असलेल्या आपल्या वाचकांना याचे नवल वाटू नये.

मग खरी ही कोण? तिचे मूळ नाव कार्मेनेर. फ्रान्समधल्या बोर्दोची ही जुनी रहिवासी. शरद ऋतूत तिची पाने किरमिजी होतात. त्या रंगावरूनच हे नाव पडले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या सूक्ष्म किडीने फ्रान्समधल्या वेलींची मुळे पोखरली आणि मळेच्या मळे वाळून गेले. अमेरिकन वेलींची मुळे या किडीला दाद देत नाहीत, हे कळल्यावर त्या मुळांवर फ्रेंच वेलींची कलमे बांधून बागा पुन्हा उभ्या केल्या. पण पुन्हा लावताना बागाईतदाराने हिशेब केला. कार्मेनेर लहरी. मोहोर गळतो, फळ कमी धरते आणि पिकते सगळ्यांच्या मागून. तोवर पावसाने गाठले तर हाती काही नाही. तिच्या जागी दुसऱ्या, भरवशाच्या जाती आल्या. बोर्दोत कार्मेनेर नावापुरती उरली.

तत्पूर्वी, किडीचा प्रादुर्भाव होण्याआधीच, बोर्दोतल्या काही वेली दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात पोचल्या होत्या. एकीकडे अँडीज पर्वत, दुसरीकडे महासागर. तिथे ती कीड आजतागायत शिरलेली नाही. पण तिथेही कार्मेनेरचे नाव हरवले. ती मेर्लो नावाच्या दुसऱ्या जातीत मिसळून गेली आणि ‘चिलीची मेर्लो’ म्हणूनच ओळखली जाऊ लागली. चूक समजण्याजोगी होती. दोघींच्या वंशात एक पालक सामाईक, चेहरेपट्टी सारखी. २४ नोव्हेंबर १९९४ रोजी जाँ-मिशेल बूर्सिको हे फ्रेंच वेलतज्ज्ञ माइपो खोऱ्यातल्या एका मळ्यात उभे राहिले, वेली निरखल्या, आणि म्हणाले की ही मेर्लो नव्हे, ही कार्मेनेर. मेर्लोच्या कोवळ्या पानाची खालची बाजू पांढरट असते, हिची तांबूस. फरक एवढाच, पण बघणाऱ्याला पुरेसा होता.

मी बँकेत चौतीस वर्षे काढली. पेन्शनच्या खिडकीशी येणाऱ्या कितीतरी आजींची मला या संदर्भात आठवण होते. रेशनकार्डावर सुनंदा, शाळेच्या दाखल्यावर यमुना, नवऱ्याच्या कागदांत तिसरेच काही. मग स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र करावे लागे, की या दोन्ही नावांची व्यक्ती मी एकच आहे. आपणच आपण आहोत, हे सत्तराव्या वर्षी शपथेवर सांगताना काही जणी हसत, काहींच्या डोळ्यांत पाणी येई. सही येत नसेल तर अंगठा. नाव बदलते, सहीसुद्धा वयाबरोबर थरथरते. अंगठा बदलत नाही. वेलींच्या बाबतीत हा अंगठा म्हणजे डीएनए. चीनच्या गेर्निश्टचा ठसा कार्मेनेरच्या ठशाशी ताडून पाहिला तेव्हा दोन्ही जुळले. जॅन्सिस रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली १,३६८ द्राक्षजातींचा ‘वाइन ग्रेप्स’ हा जाडजूड ग्रंथ काढला. त्यातही या दोघी एकच म्हणून नोंदल्या आहेत.

वाचक विचारतील, एवढ्याने फरक काय पडला? वेल तीच, फळ तेच. फरक पडला, आणि तोच या हकिगतीचा गाभा आहे. कार्मेनेर मेर्लोपेक्षा तीन-चार आठवडे उशिरा पिकते. चिलीत तिला मेर्लो समजत होते, म्हणून मेर्लोबरोबरच खुडत होते. साहजिकच तिचे फळ कच्चे असे आणि वाइनला ढोबळ्या मिरचीचा हिरवट वास येई. तो वास वेलीचा दोष मानला गेला. खरे नाव कळल्यावर चिलीच्या लोकांनी तिच्या ओळी वेगळ्या केल्या, तिला तिचे चार आठवडे दिले, आणि त्याच फळात दाट, मऊ चव उतरली. पुढे ती त्या देशाची शान ठरली. चुकीच्या नावाने तिची वेळ हिरावून घेतली होती. आपल्या घराघरांतही थोरल्याच्या वयाला धाकट्याने काय करायला हवे होते, याचा हिशेब मांडला जातो. वर्गातल्या पोराला ‘मठ्ठ’ हे नाव एकदा चिकटले, की त्याच्या पिकण्याची वाट कोण पाहतो?

चीनमध्ये तिची परीक्षा अजून संपलेली नाही. वायव्येला निंगशिया प्रांतात हेलान पर्वताच्या पूर्व पायथ्याशी मळे पसरले आहेत. वर्षाला जेमतेम दोनशे मिलिमीटर पाऊस, पाणी पीत नदीचे. २०११ साली इथल्याच ‘जिया बेई लान’ या वाइनने लंडनच्या ‘डिकँटर’ स्पर्धेत मोठमोठ्या देशांना मागे टाकून सर्वोच्च मानाचे पदक मिळवले, तेव्हा जगाने डोळे चोळले. त्या मिश्रणात थोडा वाटा गेर्निश्टचाही होता. पण इथे थंडी लवकर येते, आणि ही तर उशिरा पिकणारी. त्यात कलमांमधून पिढ्यान्‌पिढ्या आलेल्या पानमुडीच्या विषाणूने अनेक वेली ग्रासल्या आहेत. शरदात पाने देखणी लाल होतात, फळ मात्र आत कच्चे राहते. म्हणून काही बागाईतदार मार्सेलान या नव्या जातीकडे वळत आहेत. १९६१ साली फ्रान्समध्ये संकराने तयार झालेली ही जात चीनला चांगली मानवली आहे. तरी गेर्निश्टच्या बाजूने एक गोष्ट आता आहे. ती कोण हे कळल्यामुळे निरोगी रोपे कुठून आणायची आणि तिला किती दिवस द्यायचे, हे चिलीचा अनुभव सांगू शकतो.

नाव बदलण्याचा हा प्रकार आपल्या अंगणातही घडला आहे. इराण-तुर्कस्तानकडची सुलताना कॅलिफोर्नियात जाऊन ‘थॉमसन सीडलेस’ झाली, आणि तिच्यापासून निवडलेली एक जात आपल्या तासगावात ‘तास-ए-गणेश’. मध्य आशियातल्या ‘किशमिश चोर्नी’तून सोलापूरकडे ‘शरद सीडलेस’ निघाली. ही नुसती नावे बदलणे नव्हे, ही निवडलेली नवी रोपे. पण कुळ शोधायला गेले तर वाट थेट परदेशात जाते. एवढेच काय, नाशिक-सांगलीच्या बागांत जमिनीखाली बहुधा ‘डॉगरिज’ या अमेरिकन वेलीची मुळे असतात. पाण्याची तूट आणि खारी जमीन ती सोसते, म्हणून. वर नाव आपले, खाली मुळे टेक्सासची, आणि द्राक्ष गोड.

हेलानच्या पायथ्याशी हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांवर जातो. म्हणून तिथे दरवर्षी थंडीच्या तोंडाशी एक काम निघते. वेली तारांवरून सोडवून हळूच वाकवतात, जमिनीवर निजवतात आणि मातीने झाकून टाकतात. दक्षिणेच्या दुष्काळी डोंगरांतून सरकारने हलवून वसवलेली कुटुंबे या मजुरीवर येतात, त्यांत बायकाच पुष्कळ. एप्रिलमध्ये त्याच हातांनी माती दूर करायची. जुने खोड जाड होते, वाकवताना मोडते, ते जपायचे. चीनमध्ये या वेलीला अजूनही गेर्निश्टच म्हणतात आणि यापुढेही बहुधा तेच म्हणतील. पण मातीतून बाहेर आल्यावर ती फुलते, फळ धरते, आणि शेजारच्या ओळीतली मेर्लो खुडून झाली तरी घडांनी लगडून उभी असते.