पगार शून्य, ड्युटी चोवीस तास!

अमेरिकेच्या प्रेसिडेंटची बायको म्हणजे ग्लॅमर, डिझायनर गाउन्स आणि कॅमेऱ्यांचा लखलखाट... एवढंच ना? जरा आत डोकावून बघा. या बायकांच्या घरातले प्रश्न तुमच्या-आमच्यापेक्षा फार वेगळे नव्हते.

समजा, तुम्हाला अशी जॉब ऑफर आली. राहायला १३२ खोल्यांचं घर, ३५ बाथरूम्स, दिमतीला नोकरचाकर. पण अपॉइंटमेंट लेटर नाही, जॉब प्रोफाइल नाही आणि पगार शून्य. वीकेंडचं नावच काढायचं नाही. आधीची नोकरी बहुतेक सोडावी लागेल. तुमचे कपडे, केस, वजन आणि मुलांचं वागणं यावर अख्खा देश रोज मतं देणार. राजीनाम्याची सोय नाही. आणि हो, महिन्याच्या शेवटी किराण्याचं बिल मात्र घरच्यांच्याच माथी!

जोक नाही हा. व्हाइट हाउसमधल्या सरकारी मेजवान्यांचा खर्च सरकार करतं, पण कुटुंबाचं रोजचं जेवण, टूथपेस्ट, ड्रायक्लीनिंग हे सगळं स्वतःच्या खिशातून. १९८१ मध्ये राहायला आलेल्या नॅन्सी रेगनला पहिलं बिल बघून धक्काच बसला होता. प्रेसिडेंटचा पगार २००१ पासून वर्षाला ४ लाख डॉलर आहे. बायकोला? एक सेंटही नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेत 'फर्स्ट लेडी' हा शब्दच सापडत नाही. तिला मदतीला सरकारी स्टाफ मिळावा, हे कायद्यात यायला १९७८ साल उजाडलं.

सोन्याचा पिंजरा

या पदाचा वैताग अगदी पहिलीपासून सुरू होतो. मार्था वॉशिंग्टन १७८९ मध्ये न्यूयॉर्कला आली. तेव्हा राजधानी तिथे होती. काही महिन्यांतच तिने भाचीला पत्रात कळवलं, की मी इथे एखाद्या सरकारी कैद्यासारखी राहतेय. कुठे जायचं, कुणाला भेटायचं, सगळ्याचे नियम ठरलेले. जॉर्ज गेल्यावर तिने दोघांची एकमेकांना लिहिलेली जवळजवळ सगळी पत्रं जाळून टाकली. देशाला अख्खा नवरा दिला, निदान पत्रं तरी आपली राहू देत, असं वाटलं असेल का तिला?

पण याच घरात खरीखुरी बंदिवान वेगळीच होती. ओना जज ही मार्थाची खास दासी, गुलाम म्हणून जन्मलेली. आपल्याला मार्थाच्या नातीला भेट म्हणून दिलं जाणार, हे कळल्यावर १७९६ मध्ये फिलाडेल्फियातल्या प्रेसिडेंटच्या घरातून ती निसटली. वॉशिंग्टन कुटुंबाने तिला परत आणायचे प्रयत्न केले. ती शेवटपर्यंत हाती लागली नाही. पिंजरा सोन्याचा असो की लोखंडाचा, असं म्हणणं सोपं आहे. फरक मात्र खूप मोठा होता.

व्हाइट हाउसमध्ये राहायला आलेली पहिली बायको म्हणजे अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्स. साल १८००. पझेशन घाईघाईत दिलेल्या फ्लॅटसारखीच अवस्था, बांधकाम अर्धवट! आज जिथे मोठे समारंभ होतात, त्या ईस्ट रूममध्ये तिने चक्क कपडे वाळत घातले होते. नवरा राजकारणात असताना वर्षानुवर्षं शेती, पैसा, मुलं असं सगळं तिने एकटीने सांभाळलं. १७७६ मध्ये तिने त्याला लिहिलं होतं, की नवे कायदे कराल तेव्हा बायकांना विसरू नका. जॉनने ते हसण्यावारी नेलं. ओळखीचं वाटतंय ना?

कपडे, कर्ज आणि कोर्ट

मेरी लिंकनची गोष्ट वाचताना गलबलून येतं. शॉपिंगची हौस दांडगी. व्हाइट हाउस सजवायला मिळालेले २० हजार डॉलर तिला पुरले नाहीत, तेही यादवी युद्ध पेटलेलं असताना. साहजिकच पेपरवाल्यांनी तिला झोडपलं. पण तिच्या वाट्याला काय काय आलं, तेही बघा. चार मुलांपैकी एडी आधीच गेलेला. अकरा वर्षांचा विली १८६२ मध्ये व्हाइट हाउसमध्येच तापाने गेला. १८६५ मध्ये नाटक बघताना शेजारी बसलेल्या नवऱ्याला गोळी घातली गेली. १८७१ मध्ये टॅडही गेला.

नवऱ्यानंतर हातात पैसा नाही, डोक्यावर देणी. १८६७ मध्ये ती खोटं नाव घेऊन न्यूयॉर्कला गेली आणि आपले जुने कपडे विकायचा प्रयत्न केला. बातमी फुटली आणि देशभर टिंगल झाली. संसदेने तिला वर्षाला ३ हजार डॉलरचं पेन्शन मंजूर केलं, ते १८७० मध्ये. आणि १८७५ मध्ये उरलेल्या एकुलत्या एका मुलाने, रॉबर्टने, तिला कोर्टात वेडी ठरवून घेतलं आणि तिची रवानगी मनोरुग्णांच्या संस्थेत झाली.

पण मेरी रडत बसली नाही. तिने आतून गुपचूप पत्रं पाठवली. मदतीला आली तिची मैत्रीण मायरा ब्रॅडवेल. हीच ती मायरा, जिला केवळ बाई आहे म्हणून वकिलीची सनद नाकारली गेली होती आणि १८७३ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तो नकार कायम ठेवला होता. सनद नसलेल्या या बाईने नवऱ्याच्या साथीने एवढा गवगवा केला, की साधारण चार महिन्यांत मेरी बाहेर आली.

आधी मला दाखवा!

ऑक्टोबर १९१९. वुड्रो विल्सनला अर्धांगवायूचा जबर झटका आला. ही गोष्ट देशापासून लपवली गेली. त्याच्या खोलीच्या दारात उभी राहिली त्याची बायको एडिथ. कोणती फाइल आत जाणार, कोणता मंत्री भेटणार, हे तीच ठरवू लागली. आपण एकही सरकारी निर्णय घेतला नाही, नवऱ्यापुढे काय आणि केव्हा ठेवायचं एवढंच ठरवलं, असं तिने नंतर लिहिलं. आता ऑफिसमध्ये काम करणाऱ्या कुणालाही विचारा. बॉसच्या टेबलावर काय पोहोचतं हे ठरवणाऱ्याची पॉवर किती असते? गंमत म्हणजे, अमेरिकेतल्या बायकांना मतदानाचा हक्क देणारी घटनादुरुस्ती लागू झाली ऑगस्ट १९२० मध्ये. म्हणजे तब्बल दहा महिने नंतर!

एलेनॉरने जॉबच बदलला

मागच्या दाराची ही पॉवर नको असलेली बाई म्हणजे एलेनॉर रुझवेल्ट. १९३३ मध्ये तिने स्वतःच्या प्रेस कॉन्फरन्स सुरू केल्या आणि एक साधा नियम केला. प्रवेश फक्त महिला पत्रकारांना. झालं! बातमी हवी तर ऑफिसात बाई रिपोर्टर ठेवणं आलंच. मंदीच्या दिवसांत कितीतरी जणींच्या नोकऱ्या टिकल्या. १९३५ पासून ती आठवड्यातून सहा दिवस पेपरात कॉलम लिहायची, तो १९६२ पर्यंत चालला. डेडलाइनवर जगणाऱ्या माझ्यासारखीला हे वाचूनच धाप लागते.

नवरा गेल्यावर ती संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगाची अध्यक्ष झाली. त्याच आयोगात भारताच्या प्रतिनिधी होत्या हंसा मेहता, मुंबईच्या विधान परिषदेत काम केलेल्या. जाहीरनाम्याच्या मसुद्यात सगळे 'पुरुष' समान जन्मतात, अशा अर्थाचे शब्द होते. हंसाबाईंनी आग्रह धरला, की तिथे 'माणसं' असं हवं. १९४८ चा जाहीरनामा तसाच निघाला. एक शब्द, पण केवढा!

करिअर कुणाचं?

आता आपल्या पिढीचा प्रश्न. १९८९ मध्ये शिकागोच्या एका लॉ फर्ममध्ये मिशेल रॉबिन्सनला एका समर इंटर्नची मेंटॉर नेमलं गेलं. इंटर्नचं नाव बराक ओबामा. पुढे तो सिनेटर झाला, तेव्हा हॉस्पिटलमध्ये मोठ्या पदावर असलेल्या मिशेलचा पगार त्याच्या सरकारी पगारापेक्षा जास्त होता. २००९ मध्ये नोकरी कुणी सोडली, हे सांगायला हवं का? मुलींकडे बघायला मिशेलची आईच व्हाइट हाउसमध्ये राहायला आली. करिअर असलेल्या सुनेची, लेकीची सगळी भिस्त शेवटी आजीवर, हे तिथेही चुकलं नाही.

नवऱ्याच्या कारकिर्दीत बाहेर पगारी नोकरी चालू ठेवणारी पहिली फर्स्ट लेडी भेटली थेट २०२१ मध्ये. जिल बायडेन प्रेसिडेंटची बायको असतानाही कम्युनिटी कॉलेजमध्ये शिकवायला जात होती, पेपर तपासत होती. त्याच वर्षी कमला हॅरिसच्या नवऱ्याने, डग एमहॉफने, आपली लॉ फर्म सोडली. पुरुषाने बायकोच्या पदासाठी नोकरी सोडली, म्हणून ती बातमी झाली. बायकांच्या बाबतीत तो रिवाज होता.

विक्रोळीतल्या आजी

शेवटी एक आपल्या मुंबईची गोष्ट. १९६६ मध्ये जॉर्जिया राज्यातून एक अडुसष्ट वर्षांच्या विधवा नर्सबाई पीस कोअरमधून भारतात आल्या. पोस्टिंग विक्रोळी, गोदरेजची वसाहत. तिथल्या दवाखान्यात त्यांनी रुग्णांची सेवा केली, कुष्ठरोग्यांचीसुद्धा. १९६८ मध्ये त्या परत गेल्या. नाव लिलियन कार्टर. त्यांचा मुलगा जिमी १९७७ मध्ये अमेरिकेचा प्रेसिडेंट झाला. त्या आधीच विक्रोळी जगून आल्या होत्या, कुणाची आई म्हणून नव्हे, स्वतःच्या नावावर! २००६ मध्ये जिमी आणि त्याची बायको रोझलिन लोणावळ्याजवळ गरिबांसाठी घरं बांधायला आले. तेव्हा जिमी ८२ वर्षांचा होता.

मला तर या सगळ्या गोतावळ्यात या आजीच सर्वात जास्त आवडल्या. कुणाच्या पदाची वाट न बघता त्यांनी आपलं काम शोधलं. तुमच्या घरात कधी ट्रान्सफर आली आणि 'नोकरी कुणी सोडायची' हा विषय निघाला, तर उत्तर गृहीत धरू नका. आधी दोघं समोरासमोर बसा. अ‍ॅबिगेलने प्रश्न विचारला होता १७७६ मध्ये. निदान हसण्यावारी तरी नेऊ नका!