इंजिनाचा ध्वनी आणि मराठीतील अनुकरणवाचक शब्द : चित्रपटांतील अमेरिकन मोटारी व बोरघाट यांच्या निमित्ताने

१. प्रश्नाचे स्वरूप

शब्द आणि त्याचा अर्थ यांचा संबंध यादृच्छिक असतो, हे सोस्यूरचे प्रतिपादन आपल्या अभ्यासक्रमातून सर्वांच्या परिचयाचे आहे. १९१६ साली त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत अनुकरणवाचक शब्दांचा आक्षेप त्याने स्वतःच उपस्थित केला होता आणि त्याचे निरसनही केले होते. असे शब्द संख्येने थोडे, भाषाव्यवस्थेच्या परिघावरचे आणि तेही रूढीने बांधलेले असतात, असे त्याचे उत्तर होते. मराठीच्या अभ्यासकाला यातील पहिली दोन विधाने सहजासहजी मान्य करता येणार नाहीत. धडधड, खडखड, घरघर, गुरगुर, सळसळ, किरकिर अशा शब्दांचा आपल्या भाषेतील साठा मोठा आहे. शिवाय त्यांपासून क्रियापदे, नामे आणि क्रियाविशेषणे सतत बनत असतात.

हे शब्द ध्वनीचे अनुकरण करतात असे आपण म्हणतो. पण ध्वनीच्या नेमक्या कोणत्या अंगाचे? नदी, वारा किंवा पशुपक्षी यांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर देणे अवघड आहे, कारण त्यांच्या ध्वनीचे घटक मोजता येण्याइतके नियमित नसतात. इंजिनाची गोष्ट निराळी. त्याचे प्रत्येक स्फोटन मोजता येते आणि दोन स्फोटनांतील अंतरही सांगता येते. म्हणून जुनी इंजिने ही भाषाशास्त्रज्ञाला आयतीच लाभलेली प्रयोगसामग्री होय. प्रस्तुत लेखात तिचा उपयोग करून पाहावयाचा आहे.

२. स्फोटन आणि कान

चार धावांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दर दोन फेऱ्यांस एकदा पेट घेतो. एकच सिलिंडर असलेले मोटरसायकलचे इंजिन मिनिटाला ७२० फेरे करीत असेल, तर मिनिटाला ३६० म्हणजे सेकंदाला ६ स्फोटने होतात. बोलताना आपण सेकंदाला साधारणतः इतकीच अक्षरे उच्चारतो. आघात सेकंदाला सुमारे २० पेक्षा कमी असतील तोवर कानाला ते सुटे ऐकू येतात. त्यापुढे ते एकमेकांत मिसळून त्यांचा सलग सूर होतो.

आता मराठी शब्दांकडे पाहावे. फटफट, धडधड, खडखड, टकटक यांत प्रत्येक आवर्तन ट्, ड् किंवा क् अशा स्पर्शवर्णाशी येऊन थांबते, म्हणजे श्वास क्षणभर अडतो. घरघर, गुरगुर, किरकिर यांत ते कंपित र् वर येऊन रेंगाळते. भुर्र, घर्र, सुर्र यांत तर आवर्तनच नाही. द्वित्त झालेला र् एकटाच गतीचे सातत्य दाखवितो. सारांश, सुट्या आघातांसाठी स्पर्शान्त रूप, सलग ध्वनीसाठी रकारान्त रूप आणि निसटत्या वेगासाठी द्वित्त रूप, अशी ही विभागणी दिसते. तिला अपवाद आहेत. तथापि इंजिनांच्या बाबतीत ती बरीच निरपवादपणे लागू पडते.

एका सिलिंडरच्या मोटरसायकलला मराठीने ‘फटफटी’ म्हटले ते यामुळेच. सहा सिलिंडरांची मोटार मिनिटाला २००० फेऱ्यांवर असता सेकंदाला १०० स्फोटने होतात. तेथे ‘फटफट’ शक्यच नाही, ‘घरघर’ हेच योग्य. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर संथ चालत असेल, तर स्फोटने सेकंदाला बरोबर २०, म्हणजे कानाच्या सीमारेषेवर. जुन्या चार सिलिंडरी मोटारीला कोणी ‘धडधडते’ म्हणतो, कोणी ‘घरघरते’ म्हणतो. दोघांचेही कान खरेच सांगत असतात.

३. पडद्यावरील दोन मोटारी

‘चलती का नाम गाडी’ हा चित्रपट १९५८ सालचा. तीन भाऊ, त्यांचे गॅरेज आणि एक जुनाट मोटार ही त्यातील मुख्य सामग्री. ती मोटार १९२८ च्या घडणीची शेवरोलेट म्हणून ओळखली जाते. त्या सालच्या शेवरोलेटला चार सिलिंडरांचे, १७१ घन इंचांचे, म्हणजे सुमारे २.८ लिटरचे इंजिन असे. पुढच्याच वर्षी त्या कंपनीने सहा सिलिंडर स्वीकारले. मुंबईला या मोटारी परक्या नव्हत्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडी येथे जुळणीचा कारखाना सुरू केला होता. पुढे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो या मोटारी कुर्ल्यात जुळविल्या.

दुसरी मोटार १९६८ च्या ‘बुलिट’ या अमेरिकन चित्रपटातील. सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर स्टीव्ह मॅक्वीनची फोर्ड मस्टँग आणि तिच्यापुढे पळणारी डॉज चार्जर यांचा पाठलाग दहा मिनिटांहून अधिक चालतो. पाठलाग रंगात येताच पार्श्वसंगीत थांबते आणि तेथून पुढे संवादही नाही, संगीतही नाही. केवळ इंजिने बोलतात. मस्टँगचे इंजिन ३९० घन इंचांचे, चार्जरचे ४४० घन इंचांचे, म्हणजे सुमारे ७.२ लिटरचे, दोन्ही व्ही आकाराचे, आठ सिलिंडरी. मध्यम बांध्याच्या गाडीत असे प्रचंड इंजिन बसविण्याची जी रीत १९६४ च्या पाँटिअॅक जीटीओपासून लोकप्रिय झाली, तिच्यातूनच अमेरिकेतील ‘मसल कार’ हा वर्ग रूढ झाला. १९७३ च्या तेलटंचाईच्या सुमारास त्याचा बहर ओसरला.

या आठ सिलिंडरी इंजिनाचा ध्वनी आपल्या विवेचनाची खरी कसोटी पाहतो. मिनिटाला ६०० फेऱ्यांवरही त्यात सेकंदाला ४० स्फोटने होतात. वरील नियमाप्रमाणे ध्वनी पूर्णतः सलग असावयास हवा. पण तो तसा नसतो, त्यात एक डुलता ठेका ऐकू येतो. याचे कारण रचनेत आहे. सर्व सिलिंडर मिळून स्फोटने दर ९० अंशांवर समान अंतराने होत असली, तरी एकेका बाजूच्या चार सिलिंडरांपुरते पाहिले तर ती अंतरे ९०, १८०, २७०, १८० अंश अशी विषम पडतात. प्रत्येक बाजूचा धूर स्वतंत्र नळीने बाहेर पडत असल्यास ही विषमता कानावर येते, आणि तिचे पूर्ण आवर्तन दोन फेऱ्यांस एकदा, म्हणजे सेकंदाला ५ वेळा होते. म्हणजे सलग सूर आणि सुटा ठेका एकाच वेळी! मराठीत यासाठी ‘गुरगुर’ हा शब्द चपखल बसतो. घोष कंठ्य ग्, त्यामागून खालच्या सुराचा उकार, र् चे कंपन आणि शब्दाची द्विरुक्ती. सूर र् ने दाखविला, ठेका द्विरुक्तीने. हा शब्द मोटारीसाठी घडलेला नाही, तो कुत्र्यावाघांचा आहे. परंतु १९५० नंतरच्या दशकात परदेशी मोटारींवर निर्बंध आले आणि परदेशी कंपन्यांनी येथील जुळणी बंद केली. त्यामुळे या बलदंड मोटारी मराठी माणसाला रस्त्यावर क्वचितच भेटल्या, भेटल्या त्या पडद्यावर. प्रत्यक्ष व्यवहार नसल्याने नवा शब्द घडला नाही, जुन्याच शब्दाचा विस्तार झाला.

याउलट अमेरिकेच्याच हार्ले-डेव्हिडसन मोटरसायकलचे पाहा. तिच्या दोन सिलिंडरांची स्फोटने ३१५ आणि ४०५ अंशांवर, म्हणजे लंगडत होतात. इंग्रजीभाषक तो ध्वनी ‘पोटॅटो-पोटॅटो’ असा सांगतात. दिल्लीत याच इंजिनांवर चालणाऱ्या रिक्षांना ‘फटफटी’ म्हणत. या ध्वनीवर व्यापारचिन्ह म्हणून हक्क मिळावा, असा अर्ज कंपनीने १९९४ मध्ये केला आणि २००० मध्ये तो सोडून दिला. इंजिन एक, ध्वनी एक, अनुकरणे मात्र दोन. रूढीविषयीचे सोस्यूरचे म्हणणे येथे खरे ठरते. मात्र दोन्ही अनुकरणांत ओष्ठ्य आरंभ, टकार आणि आवृत्ती आहे, हेही नजरेआड करता येणार नाही.

४. बोरघाटाची साक्ष

मावळ तालुक्याच्या पश्चिम कडेचा बोरघाट हे या शब्दांच्या अभ्यासाचे उत्तम क्षेत्र आहे. १८३० साली येथे गाडीरस्ता खुला झाला, १८६३ साली आगगाडी चढू लागली. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत रस्ता सुमारे साडेपाचशे मीटर चढतो. सपाटीवर जे इंजिन घरघरत असते ते या चढावर निराळे बोलू लागते. फेरे मंदावले की स्फोटने सुटी होतात आणि रकारान्त शब्दाची जागा डकारान्त शब्द घेतो. गाडी हळू व इंजिन जोरात अशा स्थितीत वारा कमी लागून रेडिएटरचे पाणी उकळू लागते. मग गाडी ‘तापते’, ‘धापा टाकते’, ‘दम खाते’. ही भाषा बैलाची आहे. घाट चढविण्याचे काम मोटारीने बैलाकडून घेतले, त्याबरोबर त्याची क्रियापदेही घेतली.

भागांची नावे मात्र दुसऱ्याच वाटेने आली. गाडी अमेरिकन असली तरी तिचे ‘बॉनेट’, ‘डिकी’, ‘सायलेन्सर’ आणि ‘पेट्रोल’ ब्रिटिश इंग्रजीतले. अमेरिकन यांपैकी एकही शब्द वापरीत नाही. ‘स्टेपनी’ तर वेल्समधील लानेथ्ली या गावच्या स्टेपनी रस्त्यावरून आलेली. तेथे १९०४ च्या सुमारास जादा चाकाचा शोध लागला. इंग्लंडात तो शब्द मागे पडला, मराठीत ठणठणीत आहे. तात्पर्य, नामे राज्यकर्त्यांकडून, क्रियापदे शेतातून आणि ध्वनिशब्द थेट इंजिनाकडून, असे हे तीन थर आहेत.

५. ध्वनी गेल्यावर शब्दाचे काय होते?

याचेही एक उदाहरण घाटातच आहे. वाफेच्या इंजिनाचे चाक एकदा फिरले की धुराड्यातून चार उसासे निघत. चढावर ते सुटे ऐकू येत, त्यांचेच ‘झुकझुक’ झाले. १९३० पर्यंत कल्याण-पुणे लोहमार्गाचे विद्युतीकरण पूर्ण झाले आणि त्याच वर्षी १ जूनला विजेच्या इंजिनासह दख्खनची राणी सुरू झाली. मावळातील मुख्य मार्गावर विजेच्या गाड्या धावू लागल्याला नव्वदांहून अधिक वर्षे झाली, तरी लहान मुलांची गाडी अद्याप ‘झुकझुक’च आहे. ज्यांनी तो ध्वनी कधी ऐकला नाही, त्यांच्या दृष्टीने हा शब्द इतर कोणत्याही शब्दाइतकाच यादृच्छिक झाला. अनुकरण हे शब्दाचे जन्मकारण होते. त्याचे आयुष्य मात्र रूढीने चालविले.

‘फटफटी’ त्याच मार्गावर आहे. तिला स्त्रीलिंग मिळाले, ‘फटफट्या’ हे अनेकवचन मिळाले. आता ती न फटफटणाऱ्या दुचाकीलाही लागते. मुंबई-पुणे मार्गावर २०२३ पासून राज्य परिवहनाच्या विजेवरील शिवनेरी गाड्या धावत आहेत. त्यांच्या ध्वनीला मराठीने अजून नाव दिलेले नाही. अमेरिकेत तर डॉजने २०२४ मध्ये बाजारात आणलेल्या विद्युत् चार्जरला जुन्या इंजिनासारखा कृत्रिम ध्वनी बसविला आहे. तेथे यंत्रच आता आपल्या पूर्वजाचे अनुकरण करू लागले आहे!

शब्द टिकतील, ध्वनी आणि शब्द यांची सांगड मात्र ज्यांच्या कानात आहे ती पिढी टिकणार नाही. ‘टॅपेट वाजते’, ‘गाडी मिसिंग करते’, ‘इंजिन बांधून घेतले’ असे म्हणणारा जुना कारागीर केवळ ऐकून दोष ओळखतो, आणि प्रत्येक दोषाच्या आवाजाला त्याच्यापाशी वेगळा शब्द असतो. लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव येथील गॅरेजांतून हे शब्द गोळा करणे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील काम आहे. मात्र ते करताना केवळ शब्दाची नोंद पुरेशी नाही. शब्द, त्या वेळचा इंजिनाचा ध्वनिमुद्रित आवाज आणि त्याचे फेरे ही तिन्ही एकत्र नोंदली गेली पाहिजेत. तसे झाले तरच वर मांडलेली स्पर्शान्त-रकारान्त विभागणी कितपत टिकते हे ठरविता येईल. झुकझुकीच्या बाबतीत ही संधी आपण गमावली आहे. फटफटीच्या बाबतीत ती अजून शिल्लक आहे.